स्थलांतराचा रकाना

गेल्या महिन्यात आमच्या ओसरीवर एक पोरगी येऊन टेकली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायातले बूट धुळीनं पांढरे झालेले. गावात मुलींसाठी खेळाचा नवा उपक्रम सुरू होणार आहे, त्याआधी बायांची पाहणी करायची, असं म्हणाली. मी म्हटलं, कर बाई, पाहणीला आम्ही जुन्याच सरावलेल्या. तिनं नाव विचारलं, वय विचारलं. मी चाळीस सांगितलं. गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनी साठ सांगितलं असतं. मग म्हणाली, "मावशी, लहानपणी तुम्ही कुठला खेळ खेळायचात का? नियमित, कधीकधी, की कधीच नाही?" मी म्हटलं, "खो-खो. नियमित." तिनं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईकडून 'कधीच नाही' येणार असं तिनं धरलेलं असावं. पुढचा प्रश्न तिनं जरा हौसेनं वाचला. "त्या खेळाचा तुमच्या आयुष्यावर परिणाम झाला का? खूप, थोडा, की अजिबात नाही?" "थांब गं, दूध उतू जातंय," म्हणून मी आत पळाले. चुलीवर दूधच नव्हतं. चुलीपुढं उगाच उभी राहिले, आणि बाहेर येऊन तिला म्हटलं, एवढा एक प्रश्न मोकळा सोड, पुढच्या फेरीला सांगते. ती बिचारी बरं म्हणाली आणि शेजारच्या घरी गेली.

माझ्या माहेरची वस्ती नेकनूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. एसटीनं नेकनूरला उतरायचं आणि पाऊण तास चालायचं. तिथं वर्षाचे दोनच भाग: घर भरलेलं आणि घर रिकामं. पोळा झाला की हळूहळू दिवस फिरायचे. दसरा जवळ आला की दारोदार कानशीवर कोयते घासल्याचा आवाज सुरू व्हायचा, खर्र खर्र, सकाळपासून. तो आवाज ऐकला की वस्तीतली कुत्री अस्वस्थ व्हायची, त्यांना कळायचं आता भाकरी टाकणारं कुणी राहत नाही. माय येसर भाजायला घ्यायची. धने, जिरं, खोबरं, लाल मिरची यांचा असा ठसका उठायचा की अण्णा, म्हणजे माझा बाप, अंगणात खोकत खोकत तिला शिव्या घालायचा आणि तीही आतून परतफेड करायची. शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पोतं, तवा, पत्र्याची पेटी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं एका कोपऱ्यात जमा व्हायचं. तेवढ्यात ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन एकच विचारायचा, "यंदा किती कोयते?" कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा गडी हा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला तिथं कुणी विचारत नसे. म्हणून तर दसऱ्याच्या आगेमागे आमच्याकडं लग्नांची घाई उडायची. पोराला बायको मिळाली की घरातून आणखी एक पुरा कोयता निघायचा.

मी थोरली, बनी माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. माय-अण्णा तोडीला गेले की आम्ही दोघी काकूजवळ राहायचो. काका गावातच एकाकडं सालगडी होते, म्हणून काकूचं घर बारमाही उघडं. काकूच्या हाताला चव होती, तोंडाला नव्हती. हुलग्याचं माडगं वाढता वाढता ती आमच्या सात पिढ्या काढायची आणि वर म्हणायची, "अजून घे की, उपाशी निजायचं हाय का?" त्या घरात मी शाळेची नववी पार केली, आणि त्याच घरातून रोज संध्याकाळी खो-खोला पळाले.

वर्षाताई बीडहून यायची. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, गळ्यात शिट्टी. कुठल्या तरी संस्थेनं तिला नेमलं होतं. मुली खेळल्या तर शाळेत टिकतील आणि त्यांची लग्नं लांबतील, असा त्या लोकांचा हिशोब. आम्हाला हिशोबाशी काय करायचं होतं? आम्हाला पळायला मिळत होतं! सुतारानं बाभळीचे दोन खांब तासून दिले, वर्षाताईनं फक्कीनं मैदान आखलं, आणि ज्या पोरींना घरात मोठ्यानं हसायची चोरी होती त्या भर चौकात "खो!" म्हणून ओरडायला लागल्या. पहिल्या आठवड्यात आमचा आवाजच फुटेना. वर्षाताई कानावर हात ठेवून म्हणायची, "काय? मला ऐकू नाही आलं!" मला सूर मारायचं वेड लागलं. पळतीच्या पाठीवर झेपावून आडवं पडायचं, पोट सोलून निघायचं, आणि काकू हळद लावताना म्हणायची, "भवाने, तुला पोरगा व्हायचं व्हतं का?" खरं सांगते, मला पोरगा व्हायचं नव्हतं. मला त्या दोन खांबांच्या मधेच राहायचं होतं, जितके दिवस राहता येईल तितके.

खेळ झाला की आम्ही गोल करून बसायचो. वर्षाताई पाळीबद्दल बोलायची, शाळेबद्दल बोलायची, आणि मग विचारायची, "मुलीनं लग्न कधी करावं?" आम्ही सगळ्या एका सुरात, "अठरा वर्षांनंतर, ताई!" पाढे म्हणावेत तसं. गटाची कप्तान मी, आणि अक्षर बरं म्हणून हजेरीचं रजिस्टरही माझ्याकडं. निळ्या पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर. नाव, वय, हजेरी, आणि शेवटी एक रकाना: 'गट सोडल्याचं कारण'. मला ते रजिस्टर मिरवायला फार आवडायचं. डोक्यावर ऊन असलं की रजिस्टरच डोक्यावर धरायचे आणि ऐटीत चालायचे.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात संगीताचं लग्न झालं. संगीता म्हणजे आमची सगळ्यांत चपळ पळती, तिला बाद करायला घाम फुटायचा. लग्न झालं आणि चौथ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये बसून तोडीला गेली. मी रजिस्टर उघडून वर्षाताईला विचारलं, "ताई, हिच्या नावापुढं काय लिहू?" ताई बराच वेळ शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ती तोडीलाच गेली ना? मग स्थलांतर लिही." मी लिहिलं. सुबक अक्षरात, वेलांटी-उकार सांभाळून. ते काही खोटं नव्हतं, आणि हेच त्यातलं वाईट. पुढं आणखी दोघी गेल्या. त्यांच्या नावापुढं तर मी विचारायच्या आधीच लिहून मोकळी झाले. आमच्या गटात एकाही मुलीचं लग्न लवकर झालं नव्हतं, फक्त स्थलांतरं झाली होती. वर्षाताईचे कागद वर जायचे, वरून शाबासकी यायची, आणि आम्हाला नवे टी-शर्ट मिळायचे. तो पिवळा टी-शर्ट मी वर्षभर घातला, मला त्याची लाज वाटली नाही. आता वाटते.

तिसऱ्या वर्षी काकांचं साल सुटलं. दुसरं काम मिळेना, म्हणून काका-काकूही तोडीला निघाले. झालं! आमच्यासाठी उघडं राहणारं घर बंद झालं. बनी अकरा वर्षांची, तिला संगं नेता येत होतं. मी सोळाची. फडावरच्या कोपीला दार नसतं, चटई आणि प्लास्टिकचा कागद, आजूबाजूला अनोळखी टोळ्या. माय म्हणाली, "तुला तिथं नेऊ तर माझ्या डोळ्याला डोळा लागत न्हाई, हितं ठिवू तर कुणापाशी ठिवू?" मी म्हटलं, "मी एकटी राहीन." ती माझ्याकडं बघून नुसती हसली, पण ते हसणं हसण्यातलं नव्हतं. आठ दिवसांत घाटनांदूरकडचं स्थळ आलं. लांबच्या आत्याच्या नात्यातला मुलगा, घरात एक कोयता कमी. कुणी कुणाला फसवत नव्हतं. मुकादमाला कोयता हवा होता, त्यांना सून हवी होती, माझ्या माय-बापाला माझी काळजी मिटवायची होती. सगळ्यांचं सगळं जुळत होतं, फक्त मी मधे होते. रागवायला एक माणूस सापडला असता तरी बरं वाटलं असतं.

वर्षाताई अण्णाला भेटायला आली. अण्णानं तिला बाजेवर बसवलं, मायनं चहा केला. ताईनं कायदा सांगितला, शिक्षण सांगितलं, मी जिल्ह्याच्या संघात निवडली जाऊ शकते हेही सांगितलं. अण्णा सगळं ऐकून घेऊन अगदी अदबीनं म्हणाला, "म्याडम, तुमचं समदं बरोबर हाय. मग आसं करा, सहा म्हैने पोरीला तुमच्या घरी न्या. गुढीपाडव्याला आमी येतो, पोरगी परत द्या. लगीन रद्द." मी दाराआड उभी होते. मनातल्या मनात माझं कपड्यांचं गाठोडं बांधूनही झालं. बीडला ताई भावाच्या घरात राहायची. भाऊ, भावजय, त्यांची तीन मुलं आणि दोन खोल्या. ताईनं कप खाली ठेवला. "मी विचारून बघते," एवढंच म्हणाली, आणि मला तेव्हाच कळलं. तिसऱ्या दिवशी ती आली ती खाली मान घालूनच. मला तिचा राग आला होता, तो पुढं पुष्कळ वर्षं टिकला. आज मी कुणाची पोरगी सहा महिने ठेवून घेतली असती का, हेही मी स्वतःला विचारते.

लग्नाला दोन दिवस उरले होते तेव्हा पाहणी आली. तीन वर्षांत खेळामुळं मुलींच्या आयुष्यात काय फरक पडला, हे मोजायला पुण्याहून एक बाई येणार होत्या. आदल्या संध्याकाळी वर्षाताईनं मला खांबापाशी गाठलं. "मंदा, उद्या तुला विचारतील. गटातल्या किती मुलींची लग्नं झाली म्हणून." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "हे बंद पडलं तर बनी तोडीहून आल्यावर कुठं खेळेल? बाकीच्या पोरी कुठं जातील? तू फक्त रजिस्टरात आहे तेवढं सांग." मी विचारलं, "आन् माझ्या नावापुढं काय लिवणार, ताई?" तिचे डोळे भरून आले. उत्तर आम्हा दोघींना ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात गटातली दुसरी कुणी तरी ते सुबक अक्षरात लिहिणार होती.

दुसऱ्या दिवशी जीप आली. अर्धी वस्ती मैदानाच्या कडेला जमली. बाई चांगल्या होत्या, आवाज मऊ, पायातल्या चपला काढून आमच्याबरोबर खाली बसल्या. आधी आम्ही सामना खेळून दाखवला. त्या दिवशी मी जशी पळाले तशी आधी कधी पळाले नव्हते. चार गडी एकटीनं बाद केले, शेवटचा सूर असा मारला की बाईंबरोबरच्या माणसानं फोटो काढला. मग लिंबाखाली एकेकीला बसवून प्रश्न. शाळेत जातेस का? हो. घरात निर्णय कोण घेतं? अण्णा. मुलीच्या लग्नाचं योग्य वय? अठरा. "तुमच्या गटातल्या किती मुलींची लग्नं अठराच्या आत झाली?" दहा हातांवर वर्षाताई उभी होती, शिट्टी मुठीत आवळून. मी म्हटलं, "एकीचंबी न्हाई." बाईंनी शून्य घातलं. मला वाटलं, सुटले. पण सुटले कसली! अजून एक प्रश्न होता, त्याला खुणा करायची चौकट नव्हती, तीन कोऱ्या ओळी होत्या. "खेळामुळे तुझ्यात काय बदल झाला?" मी म्हटलं, "मोठ्यानं बोलता येतं." बाई हसून म्हणाल्या, "छान! म्हणजे कसं?"

त्या बाईंनी एवढं विचारलं नसतं तर मी काही बोलले नसते, हे मला अगदी पक्कं ठाऊक आहे. पण विचारलं, आणि माझ्या तोंडून मैदानावर खो द्यायच्या आवाजात निघून गेलं, "परवाच्या दिवशी माझं लगीन हाय!" मग मी थांबलेच नाही. रजिस्टर बाईंच्या मांडीवर उघडलं आणि बोट ठेवत गेले, "ही संगीता, हिचं लगीन झालं. हिचंबी. हिचंबी. ही समदी स्थलांतरं लग्नंच हायेत. मीच लिवलंय. अक्षर माझंच हाय." बाईंचं पेन हवेतच राहिलं. त्या वर्षाताईकडं बघायला लागल्या आणि वर्षाताई जमिनीकडं. बाई हळूच म्हणाल्या, "बाळ, मी फक्त माहिती गोळा करते. तू सांगितलेलं गुप्त राहील." गुप्त? अर्धी वस्ती कडेला उभी होती! त्यांनी एका चिठ्ठीवर तक्रारीसाठी फोन नंबर लिहून दिला. फोन पाऊण तासावरच्या नेकनूरला होता. चिठ्ठी मुठीत घेऊन मी वळले तर समोर अण्णा. त्यानं हात उगारला नाही, ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "कावून केलंस गं?"

जीपवाले उद्या पोलीस घेऊन येतील या धाकानं सगळी चक्रं फिरली. लग्न परवा होतं, ते दुसऱ्याच दिवशी उरकायचं ठरलं, तेही मुलाकडं. सकाळी ट्रॅक्टरमध्ये बसून आम्ही घाटनांदूरच्या अंगाला गेलो आणि बाराच्या आत माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या. मी तोंड उघडलं त्यातून मला मिळालं काय, तर एक दिवस कमी. काकू तोडीचं सामान बांधायला वस्तीवरच मागं राहिली होती, तिनं पुढं सांगितलं: दुपारी वर्षाताई लग्न थांबवायला ग्रामसेवकाला घेऊन धापा टाकत आली होती, दाराला कुलूप बघून पायरीवर बसून राहिली, आणि शेवटच्या एसटीच्या वेळेला उठून गेली.

त्या हंगामाबद्दल फार लिहीत नाही. नवरा वाईट नव्हता. तोही कोवळाच, माझ्याइतकाच भांबावलेला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं असतं, तिथं नव्या पोरींचे पाय लटपटतात. माझे लटपटले नाहीत. मुकादम कौतुकानं म्हणाला, "पोरगी लई चपळ हाय." तीन वर्षांच्या खेळाचा हा उपयोग! त्या दिवशी मोळी टाकून मी उसाच्या सरीत बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

पाडव्याला माहेरी आले तेव्हा मैदानावर गाढवं लोळत होती. कार्यक्रम बंद झाला होता. वर्षाताईचं काम गेलं होतं, आणि ते माझ्यामुळं, हे कुणी तोंडावर म्हणालं नाही पण सगळ्या पोरींच्या नजरेत होतं. जाण्याआधी ती निळं रजिस्टर माझ्यासाठी ठेवून गेली होती. मी शेवटचा रकाना उघडला. संगीताच्या नावापुढचं माझं सुबक 'स्थलांतर' लाल शाईनं खोडलेलं, वर ताईच्या अक्षरात 'लग्न'. पुढच्या दोघींचंही तसंच. आणि माझ्या नावापुढं, काही न खोडता: 'लग्न. वय सोळा.' खाली तिची सही. अण्णाला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पुना वाच." मी पुन्हा वाचलं. माय भाकरी वाढत होती. तो ताटावरून उठून बाहेर गेला.

चार वर्षांनी बनीला स्थळ आलं, तेव्हा मी कर्नाटकात फडावर होते. पाडव्याला येऊन बघते तर बनी अंगणात पुस्तक घेऊन बसलेली आणि माय घरात. माय तोडीला गेलीच नव्हती! अण्णा एकटा गेला होता, अर्धा कोयता म्हणून, कुणाच्या तरी भावाशी जोडी लावून, मिळेल ते काम करत. असे तीन हंगाम त्यानं काढले. बनी बारावी झाली, नर्सिंग शिकली, एकविसाव्या वर्षी तिच्या पसंतीनं लग्न झालं. आज ती अंबाजोगाईला असते. माझी बहीण मला जीव की प्राण आहे, आणि मला तिचा हेवा वाटतो. तेव्हा वाटला, आजही वाटतो. हे लिहायला वाईट दिसतं, दिसू दे.

ती टॅबवाली पोरगी आली त्याच संध्याकाळी मी मायपाशी गेले. ती आता थकली आहे, अण्णा जाऊनही बरीच वर्षं झाली, म्हणून ती माझ्याकडंच असते. ती सुपात तूर पाखडत होती. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "माये, बनीच्या वक्ताला तू मागं थांबलीस ते कसं काय?" ती म्हणाली, "तुझा बाप म्हणला, हिच्या नावाम्होरं तसलं लिवून घ्यायचं न्हाई. काय बी करू, पर तसलं न्हाई." मी म्हटलं, "मग माझ्या वक्ताला कावून न्हाई थांबलीस?" तिचं सूप थांबलं. ती खरोखरच आठवत होती, मला दिसत होतं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तवा सुचलंच न्हाई गं, मंदे." आणि पुन्हा पाखडायला लागली. मी तिच्याजवळ बसून खडे वेचले.

आठवड्यानं ती पोरगी परत आली, तोच प्रश्न उघडून. मी तिला म्हटलं, "माझ्यापुढं 'अजिबात नाही' लिही. आणि माझी बहीण बनी, तिच्यापुढं 'खूप' लिही. ती खेळली ती अकरा वर्षांची होईस्तोवरच. खरं खेळले मी, पण परिणाम तिच्यावर झाला." पोरगी गोंधळली. "मावशी, त्या या गावात राहत नाहीत ना? त्यांची पाहणी नाही करता येत. एकालाच एक उत्तर असतं." तिनं टॅबवर खालीवर बोट फिरवलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा टॅबकडं पाहिलं. मनाशी काही तरी बेरीज-वजाबाकी केली आणि समाधानानं 'थोडा'वर बोट ठेवलं. तिचा चहा गार झाला होता, तो आत नेऊन गरम करून आणला.